दुसऱ्यांदा बांधलेलं इंजिन

या सौद्यात बळीराम घरतला मिळायचं होतं ते एवढंच, की मुलगा गावातच, कोनमध्ये, राहावा. बाकीचा सगळा फायदा दुसऱ्यांचा होता. मुलाला, प्रितमला, त्याच्या जुन्या जीपमध्ये असं इंजिन मिळणार होतं, की उलव्याच्या रिकाम्या रस्त्यांवर दोस्तांच्या नव्या गाड्या मागे पडाव्यात. पनवेलच्या इम्तियाज मेकॅनिकला काम मिळणार होतं, आणि परदेशातून क्रँक मागवून देणाऱ्या कुणा न पाहिलेल्या माणसाला त्याचा वाटा. बळीरामच्या वाट्याला मुलगा. सुनेने, दिपिकाने, खारघरला दोन बेडरूमचा फ्लॅट बघून ठेवला होता. पण त्या सोसायटीत एका घराला एकच पार्किंग, आणि ते दिपिकाच्या ऑफिसला जायच्या गाडीने अडणार. जीपला तिथे जागा नव्हती. इंजिन उतरवायला, साखळीला टांगायला, चार पोरं जमवून रविवारभर तेलात हात बुडवून बसायला तर नव्हतीच. शेड होती ती कोनमध्ये, बळीरामच्या अंगणात, दोन डंपर विकल्यावर रिकामी पडलेली. म्हणजे जीप आहे तोवर शेड लागणार, आणि शेड लागणार तोवर पोरगा. हे त्याने बायकोला, वेणूला, समजावून सांगितलं तेव्हा ती मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग जीपलाच जपा. पोराला जपून काय उपेग दिसत नाय."

त्या शुक्रवारी सकाळी पळस्पे फाटा मागे टाकून जीप उरणच्या रस्त्याला लागली होती. पुढच्या पुलाच्या चढावर बळीरामने पाय जरा दाबला, आणि इंजिनाच्या पोटात कुठेतरी टक् झालं. एकदाच. बंद दाराच्या आतून कुणीतरी बोटाच्या पेराने वाजवावं, बाहेर कुणी आहे की नाही याची खात्री नसल्यासारखं, तसं. त्याने पाय सैल केला. आवाज गेला. शेजारून कंटेनरचा ट्रेलर धडधडत पुढे निघून गेला. मग त्याने पुन्हा पाय दाबला, अगदी थोडा, झोपलेल्या माणसाला उठवताना खांद्यावर हात ठेवावा इतका. टक् टक् टक्. सोडला. गेला. आपलंच काळीज असेल, असं त्याने मनाला सांगून पाहिलं. पण काळीज ॲक्सिलरेटरच्या हुकमावर चालत नाही.

नवं बांधलेलं इंजिन सुरुवातीला हळू चालवायचं असतं, आतले भाग एकमेकांना ओळखेपर्यंत. ओझं नाही, घाट नाही, पाय दाबायचा नाही. दीड हजार किलोमीटर असं चालवायला प्रितमला वेळ नव्हता आणि धीर तर जन्मापासून नव्हता. तेव्हा हे काम बळीरामने मागून घेतलं होतं. रोज सकाळी कोनहून निघायचं, गव्हाण फाट्याला वळसा घालायचा, परत यायचं. गावातली माणसं विचारायची, "बलीरामशेट, कय चाललाव रोज?" तो म्हणायचा, "इंजिनला फिरवून आनतोय." लोक हसायचे, तोही हसायचा. म्हातारे नातवंडांना फिरवतात. दिपिकाला अजून मूलबाळ नव्हतं, तर हे. आज गव्हाणहून परत आलं की दीड हजार पुरे होणार होते. संध्याकाळी किल्ली प्रितमच्या हातात जाणार होती, आणि रविवारी पहाटे उलव्याला दोस्त मिथुनच्या लाल गाडीबरोबर शर्यत ठरलेली होती. वेणूला शर्यतीचं ठाऊक नव्हतं. बळीरामला होतं, कारण शेडमध्ये त्याच्यासमोर सगळं बोललं जायचं. शेडमध्ये तो बाप नसायचा, पाना धरून उभा असलेला माणूस असायचा, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आयुष्यात मुलाशी जे काही बोलणं झालं ते त्या एका वर्षात, पाना धरून.

इम्तियाजने बोलणी झाली त्या पहिल्या दिवशी चहाचा ग्लास आणि चमचा घेऊन समजावलं होतं. ग्लास तोच, म्हणजे सिलिंडर. चमचा म्हणजे पिस्टन. पिस्टनला खालीवर हलवणारा आतला क्रँक काढून लांब हाताचा बसवायचा, की पिस्टन त्याच भिंतींमध्ये पूर्वीपेक्षा लांब ये-जा करतो, जास्त हवा ओढतो, जास्त ताकद देतो. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. तेराशे सीसीचं सोळाशे होतं. बळीरामने विचारलं, "टिकंल का?" इम्तियाज म्हणाला, "इन्शाल्ला टिकेल, चाचा. थोडं बनवणाऱ्यावर आहे, थोडं चालवणाऱ्यावर." पैसे भरणाऱ्यावर काहीच नाही, हे बळीरामच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. मग इम्तियाजने स्वतःहून, इमानाने सांगितलं की एवढ्या खर्चात याहून मोठं, वापरलेलं इंजिन आख्खं मिळतं, दोनदा मिळेल, आणि ते मुकाट चालत राहील. क्रँक आणि त्याची कस्टम ड्यूटी, ठोकून घडवलेले पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बोअरिंग, बॅलन्सिंग, कॉम्प्युटरचं ट्यूनिंग: साडेपाच लाखांच्या खाली कुठे उतरत नव्हतं. बळीरामने मुलाकडे पाहिलं. प्रितम म्हणाला, "ते आनलेलं आसंल, बाबा. ह्ये बनवलेलं." तेवढंच. पण बळीराम रात्रभर त्या वाक्यावर पडून राहिला होता. जमीन सरकारी प्रकल्पात गेली तेव्हा प्रितम शाळेत होता. तेव्हापासून त्या घरात जे जे आलं ते आणलेलं होतं. टीव्ही आणला, टाइल्स आणल्या, डंपर आणले, विमानतळाच्या भरावाला माती आणली, ती ओतली, पैसे आणले. पोराची नोकरीसुद्धा ओळखीवर आणलेली. एक वस्तू त्या घरात बनली नव्हती. तेव्हा पोराला काय हवं होतं ते त्याला कळलं. आणि कळलं म्हणूनच त्याला ते वापरताही आलं. सकाळी उठून त्याने होकार दिला, आणि होकार देताना मनातल्या मनात खारघरच्या फ्लॅटवर काट मारली. माणसाचं प्रेम आणि त्याचा हिशेब एकाच पाकिटात असतात, बाहेर काढताना कुठलं आधी हाताला लागलं ते सांगता येत नाही.

पहिलं इंजिन तीन दिवस टिकलं. त्यात कुणा एकाची चूक नव्हती. सगळ्यांनी मिळून, भक्तिभावाने केलेली होती. त्यांच्यात नवी गाडी आली की आधी कार्ल्याला, एकवीरा आईच्या पायाशी जाते, मग दुसरीकडे. इंजिन नवं म्हणजे गाडी नवी, यात वेणूला शंका नव्हती, आणि तिचा बोकडाचा नवसही राहिला होता. प्रितम म्हणाला, "आई, घाट चढवायचा नाय अजून. इम्तियाज बोललाय." वेणू म्हणाली, "इम्तियाजची देवी हाय का ती?" प्रितमने बापाकडे पाहिलं. बळीराम, ज्याने तीस वर्षं डंपर चालवले आणि चालवून घेतले, म्हणाला, "आमचा डंपर पयल्या दिवशी भरूनच चालायचा. काय नाय व्हत." पोराशी एक वर्ष नीट बोलणं झाल्यावर माणूस थोडा उदार होतो. मग पुढे बापलेक, मागे वेणू, तिची बहीण, दिपिका, नारळांचं पोतं आणि बोकड, असं ते इंजिन तिसऱ्या दिवशी खोपोलीवरून घाट चढायला लागलं. तेव्हाही टक् झालं होतं. बळीराम म्हणाला, "थांबव. आवाज येतोय." प्रितम हसत म्हणाला, "बोकड हाय, बाबा," आणि मागच्या बायका हसल्या, दिपिकासुद्धा. दोन वळणं गेली. तिसऱ्यावर रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला, आणि त्याच्या तुकड्याने खालून जाणारा ब्रेकचा पाइप कापला. बळीरामला आठवतो तो प्रितमचा पाय. ब्रेकवर तो दाबत होता आणि पाय खाली खाली जात होता, चिखलात जावा तसा, आणि जीप शांतपणे, कसलाही आवाज न करता, मागे मागे घसरत होती. कठड्याने धरलं. कठड्याच्या पलीकडे काही नव्हतं. कुणाला खरचटलंही नाही. बोकडाचं नशीब मात्र बदललं नाही. त्याला टेम्पो करून पुढे नेलं.

दुसऱ्यांदा बांधायला बळीरामकडे मोकळे पैसे नव्हते. प्रितम शेडमध्ये जाईनासा झाला. दिपिका एका संध्याकाळी फ्लॅटचं ब्रोशर टीव्हीजवळ ठेवून गेली, विसरल्यासारखं. त्याच्या दुसऱ्या दिवशी वेणूने पाटल्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. काढताना साबण लावावा लागला होता, मनगट लाल झालेलं. म्हणाली, "बनवा तुमचं." तुमचं, म्हणाली. त्या शब्दाचा त्याने बरेच दिवस विचार केला.

आणि आता हा आवाज. उजवीकडे उलव्याचे टॉवर दिसायला लागले होते, काही रंगवलेले, काही अजून सिमेंटचे. खाडीच्या चिखलाचा वास आला. पूर्वी इथे डावीकडे बांध होता. आता कंटेनर एकावर एक रचलेले, लाल, निळे, गंजके. त्याने गाडी हळू केली. हा आवाज त्याने दहा दिवसांपूर्वीही ऐकला होता आणि सांगितलाही होता. इम्तियाजने चालू इंजिनाला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावली, डोळे मिटले, हकिमाने नाडी बघावी तसं. म्हणाला, "पिस्टनचा आहे, चाचा. हे पिस्टन थंड असले की वाजतात, गरम झाले की चूप." प्रितम म्हणाला, "बाबा, तुमच्या कानात डंपर बसलाय." पोरं हसली. बळीराम स्वतःही हसला होता. पण आज इंजिन गरम होतं. कोनपासून इथपर्यंत तापलेलं. आणि आवाज ओझ्याखाली येत होता, ओझं काढलं की जात होता. डंपरमध्ये असा आवाज येतो तो क्रँकवरच्या बेअरिंगचा, तिथून रॉड सुटायला वेळ लागत नाही. डंपरमध्ये. हे पेट्रोलचं इंजिन, बारीक, पोरांचं. त्याला खात्री होती. मग वाटलं, खात्री नाही. घाटात जो पाय ब्रेकवर चिखलात जावा तसा गेला, तो त्याचा नव्हता तरी त्याच्या पायाला अजून आठवत होता; त्या दिवसापासून त्याला कुकरच्या शिट्टीतही टक् ऐकू यायचं.

सांगितलं तर? प्रितम काय म्हणेल ते त्याला त्याच्या आवाजासकट ऐकू येत होतं: रविवार होऊ दे, मंग खोलू. तिशी ओलांडलेला माणूस, त्याची किल्ली काय लपवणार. दुसरी किल्ली इम्तियाजकडे होती. वेणूला सांगितलं तर ती रडून-ओरडून एक रविवार टाळेल, पुढचा नाही. इम्तियाजला सांगितलं तर तो पुन्हा स्क्रू ड्रायव्हर टेकवेल; त्याच्या मजुरीचा, नावाचा प्रश्न, त्याला तरी टक् कसं ऐकू येणार. ज्याला ज्याला त्या इंजिनातून काही मिळायचं होतं त्यातल्या कुणालाच ते ऐकू येत नव्हतं. बळीरामलाही यायला नको होतं. सगळ्यात जास्त त्यालाच नको होतं.

बांध होता तिथे त्याच्या बापाची, काशिरामची, खाडीलगतची शेती होती. बाहेर मोठा बांध, तो सगळ्या गावाचा. आत ज्याचे त्याचे छोटे. उधाणाच्या भरतीला पुरुष बांधावर रात्र काढायचे, खेकड्याच्या बिळातून पाणी शिरतं त्याचा आवाज ऐकत. एका साली काशिराम म्हणाला की बांध आतून बोलतोय, आज फुटेल. बाकीच्यांनी कान लावला, त्यांना काही आलं नाही. तेव्हा काशिराम कुदळ घेऊन गेला. मोठ्या बांधाला त्याच्या शेताच्या तोंडाशी पाणी सोडायची उघाडी होती, तिच्या फळ्या त्याने उपसल्या. खाडी त्याच्या शेतात आली, बांधावरचा भार हलका झाला, भरती उतरली. बांध राहिला. काशिरामच्या जमिनीत खार बसला, तीन पावसाळे भात झालं नाही. गावाने त्याला वेडा ठरवलं, कारण बांध तर काही फुटला नव्हता. बळीराम तेव्हा लहान होता. एकदा त्याने विचारलं, खरंच फुटणार होता का? बाप म्हणाला, "आता कसा कलंल?" आणि विडी पेटवली. बळीरामला त्या उत्तराचा राग होता. बापाने हो म्हणायला हवं होतं, खोटं का होईना. त्या रागावर त्याने डंपर घेतले, जमिनीचे पैसे मोजून घेतले, कुणाच्या कल्पनेवर एक रुपया सोडायचा नाही असं ठरवलं. त्या सगळ्याचा शेवट, उरणच्या रस्त्यावर, इंजिनाच्या पोटातून येणाऱ्या आवाजाला कान लावून बसण्यात.

गव्हाण फाट्याला वळसा घालताना त्याने ट्रेलरची रांग पुढे जाऊ दिली. मग आतल्या सर्व्हिस रोडला लागला. रस्ता मोकळा होता. कडेला एक बाई शेळ्या घेऊन उभी होती, ती लांब जाईपर्यंत तो थांबला. ब्रेक नसतील तर काय, म्हणून पुढे चढ आहे असा तुकडा त्याने निवडला. हे सगळं तो करत होता आणि कशासाठी ते मनाशी म्हणत नव्हता. गिअर दुसरा. म्हणजे वेग फार वाढणार नाही, इंजिन मात्र मरेस्तोवर फिरेल. त्याने पट्टा लावला. आयुष्यात पहिल्यांदा.

पाय पूर्ण दाबला तेव्हा जे झालं त्याची त्याला कल्पना नव्हती. दीड हजार किलोमीटर त्याने त्या इंजिनाला नातवासारखं बोट धरून चालवलं होतं. ते असं गातं हे त्याला माहीत नव्हतं. जीपने नाक उचललं. पाठ सीटमध्ये दाबली गेली. आवाज आधी छातीत आला, मग दातांत, मग तो आवाज राहिलाच नाही, एक सरळ ताणलेली तार झाली, आणि त्या तारेवर क्षणभर बळीराम, वय वर्षं एकसष्ट, साखर वाढलेली, तोंड उघडं टाकून हसला. हे बनवलं होतं. त्याच्या पोराने, त्याच्या शेडमध्ये, हे बनवलं होतं. तेवढ्या क्षणात त्याला टक् ऐकू आलं नाही. मुळीच आलं नाही. पाय उचलावा, असं त्याला वाटलं. आवाज नाहीच आहे, पाय उचलावा, घरी जावं, किल्ली द्यावी. पण आवाज इतक्या गोंगाटात येणार कसा, आणि पाय उचलल्यावर पुन्हा आला तर पुन्हा दाबायची हिंमत होणार नाही, हेही त्याला कळत होतं. त्याने पाय तसाच ठेवला. काटा लाल रेघेच्या पलीकडे थरथरत होता. आणि मग, फार मोठा नाही, कुऱ्हाड ओल्या लाकडात बसावी तसा एक आवाज.

चढावर जीप आपोआप थांबली. खालून तेल आलं, काळं नाही, मधासारखं, नवं होतं. बळीराम उतरून कडेला बसला. शेळ्यांची बाई लांबून बघत होती. त्याने प्रितमला फोन लावला. इंजिन गेलं, एवढं सांगितलं. प्रितम म्हणाला, "किती दाबलीत?"

"दाबली जरा."

"कनाला?"

बळीरामकडे उत्तर होतं. आवाज येत होता, म्हणून. पण ते म्हटलं असतं तर प्रितमने इंजिन खोलून बघितलं असतं, आणि आत जे आता चुरा होऊन पडलं होतं त्यात आधीचं काय आणि नंतरचं काय ते कुणालाच निवडता आलं नसतं. तेव्हा तो म्हणाला, "बघावं म्हटलं, कशी पलते." प्रितमने फोन ठेवला. ओरडला नाही. ओरडला असता तर बळीरामला ते घरचं वाटलं असतं.

इम्तियाज टोइंगची गाडी घेऊन आला. वाकून, ब्लॉकला पडलेल्या भोकातून टॉर्च मारून बघितलं. बळीरामने, सहज विचारावं तसं, विचारलं, "बेअरिंग आधीच गेलं आसंल का रे?" इम्तियाज उठला, हात पुसले. "अब क्या मालूम, चाचा," म्हणाला. "आता काय कळणार." मग खालच्या आवाजात, "पण तुम्ही रेड लाइनच्या वर नेलं होतं ना?" बळीराम हो म्हणाला. इम्तियाजच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला, आणि तो त्याने सभ्यपणे लपवला.

रविवारी उलव्याला मिथुनची गाडी दुसऱ्या कुणाबरोबर पळाली. कुणाला काही झालं नाही. पुढच्या महिन्यात खारघरच्या फ्लॅटचं झालं. बळीरामने जमिनीच्या बदल्यात मिळालेल्यांतला शेवटचा प्लॉट मोडून पहिला हप्ता भरला, दिपिकाने वाकून नमस्कार केला. प्रितम सामान टेम्पोत चढवत होता. बापाजवळून तीनदा गेला, तिन्ही वेळा हातात काहीतरी जड होतं, त्यामुळे बोलायचं राहिलं. शेडला त्याने कुलूप लावलं आणि किल्ली आईकडे दिली.

संध्याकाळी वेणूने दोघांपुरतं कालवण केलं. सवयीने जास्त झालं. ताट वाढून ती समोर बसली, मोकळं मनगट गुडघ्यावर ठेवून. म्हणाली, "आवाज येत व्हता?"

बळीरामने घास ठेवला. त्याला बापाचं उत्तर आठवलं, विडीसकट.

"व्हता," तो म्हणाला.

वेणूने मान हलवली आणि त्याच्या ताटात आणखी एक तुकडी टाकली. हिशेब असा लागला. इम्तियाजचे पैसे चुकते झाले, क्रँकवाल्याचे आधीच गेले होते. दिपिकाला फ्लॅट मिळाला. प्रितम जिवंत आहे, आणि बापाने आपली एकमेव बनवलेली वस्तू हौसेपायी मोडली असं समजून खारघरला राहतो. बळीरामने किंमत म्हणून मुलगा भरला. निदान कशाबद्दल भरला ते त्याला माहीत होतं, किंवा माहीत आहे असं तो धरून चालला. आणि पाटल्या गेल्या त्या वेणूच्या, एका आवाजापायी, जो तिने कधी ऐकलाच नव्हता.